फावल्या वेळचे गुप्तधन : बील कागदपत्रे आणि एक विसकटलेला प्रपंच

१८८५ साली अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग या गावी एक लहानशी पुस्तिका विक्रीस आली. किंमत ५० सेंट. तिच्यात पुरून ठेवलेल्या गुप्तधनाची हकिकत होती, ते शोधण्यासाठी आकड्यांनी भरलेले तीन सांकेतिक कागद होते, आणि त्यांच्या जोडीला एक चमत्कारिक उपदेशही होता. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून जो वेळ उरेल तेवढाच या शोधाला द्यावा. वेळ उरतच नसेल तर या वाटेला जाऊ नये. गुप्तधनाचा पत्ता विकणारा माणूस गिऱ्हाइकाला आधी घर सांभाळ म्हणून बजावतो, असे क्वचितच घडते. हा उपदेश कोठून आला आणि पुढे तो कोणी किती पाळला, याविषयीचा हा दीर्घ धागा.

पुस्तिकेचे नाव ‘द बील पेपर्स’. लेखकाने आपले नाव गुप्त ठेवले. प्रकाशनाचे हक्क जेम्स बी. वॉर्ड नावाच्या गृहस्थाने आपल्या नावावर नोंदवले आणि आपण केवळ लेखकाचे प्रतिनिधी आहोत अशी भूमिका घेतली. पुढची मूळ कथा या एका पुस्तिकेवरच उभी आहे. तिला दुसरा समकालीन आधार नाही. एवढे ध्यानात ठेवूनच ती वाचावी.

कथेतील पहिला महत्त्वाचा माणूस रॉबर्ट मॉरिस. हा लिंचबर्गचा व्यापारी. तंबाखूचे भाव चढत राहतील या भरवशावर त्याने मोठी खरेदी केली, भाव कोसळले आणि तो बुडाला. पत्नी सारा हिने धीर दिला, तिच्याच सल्ल्याने त्याने हॉटेल चालवायला घेतले आणि संसार पुन्हा उभा राहिला. गुप्तधनाच्या पुस्तिकेची सुरुवात अशी एका मोडलेल्या आणि सावरलेल्या घरापासून होते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वाचकाची नजर थेट सोन्यावर जाते.

१८२० च्या जानेवारीत या हॉटेलात टॉमस जे. बील नावाचा एक उमदा, सावळा, दणकट प्रवासी उतरला. हिवाळा काढून तो निघून गेला. १८२२ च्या जानेवारीत पुन्हा आला आणि जाताना मॉरिसकडे कुलूपबंद लोखंडी पेटी सोपवून गेला. मे महिन्यात त्याचे सेंट लुईसहून पत्र आले : पेटीत महत्त्वाचे कागद आहेत, दहा वर्षांत आमच्यापैकी कोणी परतले नाही तर ती उघडावी, कागद वाचण्याची किल्ली एका मित्राकडे ठेवली आहे, ती १८३२ च्या जूनमध्ये टपालाने मिळेल. बील परतला नाही. जून १८३२ आला आणि गेला. किल्लीही आली नाही.

मॉरिसने पेटी उघडली ती थेट १८४५ मध्ये. आत काही पत्रे होती आणि तीन कागदांवर नुसते आकडेच आकडे.

पत्रांतील हकिकत अशी. १८१७ च्या एप्रिलमध्ये व्हर्जिनियातील ३० हौशी मंडळी पश्चिमेकडे बायसन आणि अस्वलांच्या शिकारीस निघाली. घरची बरी, साहसाची आवड असलेली ही माणसे होती. दोनेक वर्षे रानोमाळ हिंडावे आणि परतावे, एवढाच बेत. सांता फेच्या उत्तरेस अडीचशे-तीनशे मैलांवर एका घळीत मुक्काम पडला असता खडकात त्यांना सोने दिसले आणि शिकार तेथेच थांबली. सुमारे दीड वर्ष ते खणत राहिले. हौसेखातर निघालेल्या माणसांच्या हाती खाण लागली की हौस आणि उद्योग यांतली सीमा कशी पुसली जाते, याचे हे कथेतील पहिले उदाहरण. तेही कथेच्या पोटातल्या कथेतले.

एवढे धन घेऊन रानात राहणे धोक्याचे. म्हणून बीलने ते दोन खेपांत व्हर्जिनियात आणले आणि बेडफर्ड परगण्यात, बुफर्ड्स या ठिकाणापासून सुमारे चार मैलांवर जमिनीखाली पुरले. पण मुख्य चिंता वेगळी होती. सारे जण तिकडेच मेले तर घरच्यांचे काय? मागे राहिलेल्यांना त्यांचा वाटा मिळावा यासाठी विश्वासू माणूस हवा होता, म्हणूनच पेटी मॉरिसकडे आली. धनाचे ३१ समान भाग करायचे, एक मॉरिसने ठेवायचा आणि उरलेले ३० त्या-त्या वारसाला द्यायचे.

तीन कागदांची वाटणी यातूनच झाली. पहिल्यात ठेव्याची नेमकी जागा. दुसऱ्यात ठेव्यात काय काय आहे त्याची यादी. तिसऱ्यात ३० जणांची नावे, गावे आणि वारसांचा तपशील. म्हणजे बीलच्या दृष्टीने तिसरा कागद हाच साऱ्या खटाटोपाचा हेतू होता. पहिले दोन त्याची साधने.

मॉरिसने पेटी उघडल्यावर कागदांशी झटापट केली, पण यश आले नाही. सावकाराचे तगादे आणि पडलेला धंदा अनुभवलेला हा गृहस्थ त्या आकड्यांपायी वेडा झाला नाही. १८६२ साली, वयाच्या ऐंशीच्या पलीकडे गेल्यावर, त्याने सारे कागद एका मित्राच्या स्वाधीन केले आणि पुढच्याच वर्षी तो वारला. त्याने पेटी दोन तपे न उघडता सांभाळली आणि उघडल्यावरही आणखी सतरा वर्षे तिच्यासोबत शांतपणे काढली. पुस्तिकेतील संयमाचा धडा कोणी आचरून दाखवला असेल, तर तो या हॉटेलवाल्याने.

तो मित्र म्हणजेच पुस्तिकेचा निनावी लेखक. त्याला दुसरा कागद उलगडला. त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे.

कागदावरचा प्रत्येक आकडा म्हणजे एखाद्या ठरावीक मजकुरातील तितकावा शब्द, आणि त्या शब्दाचे आद्याक्षर म्हणजे संदेशातील एक अक्षर. प्रश्न एवढाच की तो मजकूर कोणता. लेखकाने अनेक मजकूर लावून पाहिले असावेत. जुळला तो अमेरिकेचा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा. दुसऱ्या कागदाचा आरंभ ११५, ७३, २४ असा आहे. जाहीरनाम्यातील ११५ वा शब्द ‘इन्स्टिट्यूटेड’, त्यातून ‘आय’. ७३ वा ‘होल्ड’, त्यातून ‘एच’. २४ वा ‘अनदर’, त्यातून ‘ए’. असे एकेक अक्षर वेचत इंग्रजी वाक्य उभे राहते. ज्याला शब्द मोजण्याचा कंटाळा नाही, असा कोणीही शाळकरी मुलगा हे पडताळून पाहू शकतो. या कागदपत्रांच्या मोहिनीचे निम्मे रहस्य येथेच आहे : एक कुलूप खरोखर उघडते.

आणि उघडल्यावर आत जे दिसते ते डोळे दिपवणारे आहे. १८१९ च्या नोव्हेंबरमधील पहिली ठेव १,०१४ पौंड सोने आणि ३,८१२ पौंड चांदी. १८२१ च्या डिसेंबरमधील दुसरी ठेव १,९०७ पौंड सोने आणि १,२८८ पौंड चांदी. शिवाय वाहतुकीचा भार कमी व्हावा म्हणून सेंट लुईसला चांदीच्या बदल्यात घेतलेली १३,००० डॉलरची रत्ने. लोखंडी भांड्यांत भरलेले, दगडी तळघरात, जमिनीखाली सहा फुटांवर. आजच्या मापाने सोनेच सुमारे १,३२५ किलो होते. जागा मात्र पहिल्या कागदात दिली आहे, असे हा दुसरा कागद शेवटी सांगतो.

निनावी लेखकाचा घात या यशाने केला. अपयश आले असते तर मॉरिसप्रमाणे त्यानेही कागद कपाटात ठेवून दिले असते. एक उलगडला म्हणताच उरलेले दोन उद्या-परवा उलगडतील या आशेवर त्याने रात्रीमागून रात्री जागवल्या. उद्योगाकडे दुर्लक्ष झाले. बऱ्यापैकी सुस्थितीत असलेला माणूस दारिद्र्याला पोचला, आणि ज्यांचे रक्षण करणे हे त्याचे कर्तव्य होते त्यांच्याच वाट्याला हाल आले. घरच्यांनी परोपरीने सांगितले, विनवले. त्याने ऐकले नाही. हे सारे तो स्वतःच लिहितो.

मराठीत छंद आणि नाद असे दोन शब्द आहेत आणि आपण ते फार बारकाईने वापरतो. छंद ‘जोपासतात’, नाद ‘लागतो’. एकात कर्ता माणूस असतो, दुसऱ्यात नाही. लिंचबर्गच्या या गृहस्थाचे दोन दशकांत पहिल्यावरून दुसऱ्यावर स्थलांतर झाले होते.

त्यातून सुटण्याचा जो मार्ग त्याने सांगितला आहे तो मात्र विचार करायला लावतो. सारे कागद छापून जगासमोर मांडायचे. एकदा गुपित गुपित उरले नाही, म्हणजे ते उलगडण्याचा मोहही आपल्या आवाक्याबाहेर जाईल आणि झालेली चूक निस्तरता येईल. विक्रीतून चार पैसे मिळाले तर घराला तेवढाच हातभार. ज्याने त्याचे घर बुडवले तेच तो इतरांना ५० सेंटला विकत होता, आणि बहुधा म्हणूनच त्याने उपदेशही जोडला : दिवसाचे काम उरकावे, संध्याकाळी शेकोटीशी बसल्यावर घटकाभर या कागदांत डोके घालावे, एवढ्याने कोणाचे नुकसान होत नाही.

आता हा उपदेश वाचणाऱ्यांकडे वळू.

१८९७ च्या सुमारास व्हर्जिनियातीलच रोअनोक येथे, नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या हिशेबतपासनिसांच्या कचेरीत क्लेटन हार्ट नावाचा तरुण लघुलेखक होता. टंकलेखनासाठी आलेल्या कामात त्याला आकड्यांचे ते कागद दिसले. कुतूहल चाळवले. त्याने स्वतःसाठी एक प्रत करून घेतली आणि भाऊ जॉर्ज यालाही त्यात ओढले. १९०३ साली क्लेटनने वृद्ध वॉर्डची भेट घेतली. पुस्तिकेतील हकिकत खरी असल्याचे वॉर्डने त्याला सांगितले.

हार्ट बंधूंची एक रात्र प्रसिद्ध आहे. आकडे उलगडेनात, तेव्हा क्लेटनने संमोहनाचा आधार घेतला. अंतर्ज्ञान असल्याचे मानल्या जाणाऱ्या एका माध्यमाला घेऊन दोघे भाऊ बुफर्ड्सच्या परिसरात गेले. समाधी लागलेला तो माणूस अंधारातून चालत गेला आणि एका खोलगट जागी थांबून, धन येथेच आहे म्हणाला. कंदिलाच्या उजेडात दोघे भाऊ तासन्‌तास खणत राहिले. खड्डा खोल झाला, हाती काही लागले नाही. पुन्हा विचारले तेव्हा त्याने शेजारच्या ओकच्या झाडाकडे बोट दाखवले. जॉर्जला तेवढे पुरेसे झाले. क्लेटन मात्र आठवडाभराने डायनामाइट घेऊन परतला आणि त्याने ते झाडच उडवले. खाली मातीशिवाय काही नव्हते.

दोन भाऊ, एकच कागद, एकच खड्डा. जॉर्जने १९१२ मध्ये हा शोध सोडला. क्लेटनने सोडला नाही. १९४६ साली मृत्यू येईपर्यंत तो आकड्यांशी झुंजत राहिला. पुढे १९५२ मध्ये जॉर्जनेच दोघांच्या शोधाचा वृत्तांत लिहून ठेवला आणि आज आपल्याला क्लेटनविषयी जे ठाऊक आहे ते बव्हंशी त्या वृत्तांतामुळे. ज्याने वेळीच हात आखडता घेतला त्याच्याजवळ लिहिण्याइतके अंतर उरले होते.

हिरॅम हर्बर्ट नावाच्या दुसऱ्या एका शोधकाने १९२३ मध्ये या कागदांत लक्ष घातले, ते १९७० च्या दशकापर्यंत. यात तज्ज्ञांची संख्याही थोडी नाही. अमेरिकेच्या सैनिकी संकेतविद्येचा आधारस्तंभ मानला जाणारा विल्यम फ्रीडमन फावल्या वेळात या आकड्यांवर काम करीत असे. संगणकशास्त्रज्ञ कार्ल हॅमर याने ते यंत्रात घालून तपासले. फ्रीडमनचे मत असे सांगतात की बेसावध वाचकाला भुलवण्यासाठीच रचलेली ही सैतानी करामत आहे. त्यालाही ती सोडवली नाही, हा भाग वेगळा.

घर आणि शोध यांचा मेळ घालण्याची आणखी एक रीत आहे : घरालाच शोधात उतरवायचे. बीलचे धन शोधायला बेडफर्डमध्ये जमीन विकत घेऊन खणणाऱ्यांत मेल फिशर हाही होता. तेथे त्याला काही मिळाले नाही. त्याची ख्याती निराळ्या ठेव्याची. १६२२ मध्ये फ्लोरिडाजवळ बुडालेल्या ‘आतोचा’ या स्पॅनिश जहाजाचा शोध त्याने १९६९ पासून सोळा वर्षे घेतला, आणि त्यात पत्नी डोलोरेस व मुले सारीच होती. बाप शोधावर आणि बायकामुले वाऱ्यावर, अशी तक्रार येथे संभवत नव्हती. १९७५ च्या जुलैमध्ये थोरला मुलगा डर्क याला त्या जहाजाच्या काशाच्या तोफा सापडल्या. आठवडाभरातच, २० जुलैच्या पहाटे, मोहिमेची ‘नॉर्थविंड’ ही बोट उलटली. डर्क, त्याची पत्नी एंजल आणि एक सहकारी पाणबुड्या बुडून मेले. मुख्य ठेवा मिळाला तो १९८५ मध्ये. तारीख २० जुलै. चांदीच्या लगडींचा ढीग सापडल्याचा संदेश ज्या बोटीवरून आला तिचा कप्तान धाकटा मुलगा केन होता.

फिशरचे जहाज निदान खरे होते. बीलचे धन होते का?

संशय घेण्यास जागा पुष्कळ आहे. सांता फेच्या उत्तरेचा तो प्रदेश १८१७ साली स्पेनच्या ताब्यात होता आणि तिकडे भटकणाऱ्या अमेरिकनांना स्पॅनिश अधिकारी पकडत. झेबुलॉन पाइकची तुकडी त्यांनी १८०७ मध्येच ताब्यात घेतली होती. तीस जण तेथे दीड वर्ष खाण चालवतात आणि त्याची कोठेच नोंद उरत नाही, हे पचायला अवघड. १९८२ मध्ये जो निकेल या अभ्यासकाने पत्रांची भाषा तपासली. गुरांची किंवा जनावरांची एकाएकी झालेली पळापळ या अर्थाचा ‘स्टँपीड’ हा शब्द बीलच्या १८२२ च्या पत्रात येतो. इंग्रजी छापील मजकुरात तो त्यानंतरच्या काळात आढळतो. शिवाय बीलची शैली आणि निनावी लेखकाची शैली यांत फार साम्य आहे.

जिम गिलोग्ली या संगणकतज्ज्ञाने त्याआधी, १९८० मध्ये, आणखी गमतीची गोष्ट दाखवली होती. पहिल्या, न उलगडलेल्या कागदाला तोच स्वातंत्र्याचा जाहीरनामा लावला तर अर्थपूर्ण वाक्य मिळत नाही. पण मध्येच इंग्रजी वर्णमाला जवळजवळ क्रमाने उमटते, ‘ए’, ‘बी’पासून ‘ओ’, ‘पी’पर्यंत. एखाद्याने कंटाळून आकडे भरताना जाहीरनाम्यावरून बोट फिरवत जावे, तसे. काहींच्या मते यामागे दुहेरी संकेत असू शकतो. पण सरळ अर्थ पाहिला तर पहिल्या कागदात काहीच नाही.

तसे असेल तर निनावी लेखकाची दैना, त्याची उपाशी मुलेबाळे, घरच्यांच्या विनवण्या हेही रचलेलेच मानावे लागते. मग तो उपदेशही गिऱ्हाइकाचा विश्वास संपादन करण्याची एक खुबी ठरतो. सावध करणारा माणूस फसवणार नाही असे आपल्याला वाटतेच. तरीही तो खोटा ठरत नाही. तोच तेवढा त्या पुस्तिकेत आज वापरता येण्याजोगा मजकूर आहे. रोअनोकचा कंदील आणि डायनामाइट कल्पित नव्हते. बेडफर्डच्या शेतकऱ्यांच्या कुरणांत रात्री पाडलेले खड्डेही कल्पित नव्हते.

एक गोष्ट मात्र साऱ्या शोधकांत समान आहे, विद्वानांत आणि हौशी लोकांत. सगळ्यांचे कष्ट पहिल्या कागदावर, ५२० आकड्यांवर खर्च झाले. तिसरा कागद, ज्यात वारसांची नावे आहेत म्हणून सांगितले होते, तो क्वचितच कोणी आवडीने हाती घेतला. त्या नावांच्या वंशजांना त्यांचा वाटा पोचवावा म्हणून कोणी रात्र जागवल्याचे ऐकिवात नाही. घेतला असता तर शंका तेथेच आली असती.

तिसऱ्या कागदावर एकूण ६१८ आकडे आहेत, म्हणजे ६१८ अक्षरे. माणसे ३०. प्रत्येकाच्या वाट्याला वीस अक्षरे. तेवढ्यात त्याचे नाव, त्याचे गाव आणि मागे राहिलेल्या वारसाचा तपशील बसवायचा. ‘रॉबर्ट मॉरिस, लिंचबर्ग’ एवढे इंग्रजीत लिहायलाच २२ अक्षरे लागतात. साराचे नाव त्यात मावत नाही.